देव्हाऱ्यातला पारा

"पाऱ्यापुढं बसशील तवा सोनं आंगावरून उतरवून ठेवजो बाई. इसरजो नको."

आसेगावच्या माहेरी आईनं हे सांगितलं तेव्हा प्रयागबाई असेल नऊ-दहा वर्षांची. गावाबाहेर महादेवाच्या ठाण्यावर एक गोसावी उतरला होता. त्याच्याजवळ पाऱ्याचं लिंग होतं आणि दर्शनाला निघताना आईनं नाकातली चमकी काढून पदराच्या गाठीत बांधली होती. कशासाठी, ते आईनं सांगितलं नाही. पोरीनंही विचारलं नाही. शंकर बैरागी, त्याच्यापुढं दागिने घालून मिरवू नये, म्हणून असेल, एवढं तिनं आपल्या मनाशी धरून ठेवलं. आणि जे एकदा मनाशी धरलं ते प्रयागबाईनं कधी सोडलं नाही. गेल्या श्रावणापासून रोज पहाटे ती पूजेला बसताना गळ्यातलं डोरलं आणि कानातले काढून डबीत ठेवत असे, आणि पूजा उरकली की मगच पुन्हा अंगावर घालत असे.

प्रयागबाई गावच्या आरोग्य उपकेंद्रात परिचर होती. गाव केनवडच्या बाजारापासून पायी तासाभरावर. दोन खोल्यांचं उपकेंद्र, पुढं पत्र्याचं छप्पर. कुलूप उघडायचं, फरशी पुसायची, सुया उकळायच्या दिवसांपासून ते आताच्या औषधांच्या खोक्यांपर्यंत सगळं तिनं सांभाळलं होतं. पण ते नऊ वाजता. त्याआधी पहाटे अंघोळ, तुळशीला पाणी, महादेवाला अभिषेक. अभिषेक झाल्याशिवाय पाण्याचा थेंब तोंडात जात नसे. सोमवार, प्रदोष, चतुर्थी हे तर ठरलेलेच. तिचा आवाज चढलेला गावात कोणी ऐकला नव्हता. तिचा नवरा शालिकराम भाजीपाल्याचा मळा करायचा. तो बाजारात चारचौघांत सांगायचा, "हिले राग आला का ही उपास धरते बाप्पा. वर्सातले दोनशे दिवस मले समजतच नाही, उपास देवासाठी हाय का माह्यासाठी."

हा पारा घरात आला तो आषाढात.

त्या दिवशी निता सिस्टर लसीकरणाला तांड्यावर गेली होती. निता राठोड मूळची मानोऱ्याकडची. पायाला चाकं लावल्यासारखी सदा घाईत. प्रयागबाई एकटीच टेबल पुसत होती. फडक्याचा धक्का लागला आणि रक्तदाब मोजायचं जुनं यंत्र खाली आलं. लांबट पेटीचं, उभ्या काचेच्या नळीचं यंत्र होतं ते. नळीत चांदीसारखा पारा चढायचा आणि सुस्कारा टाकल्यासारखा उतरायचा. नळी फुटली. तापल्या तव्यावर पाणी शिंपडावं तसे पाऱ्याचे थेंब फरशीभर नाचत सुटले आणि त्यातला सगळ्यात मोठा थेंब घरंगळत घरंगळत येऊन नेमका प्रयागबाईच्या पायाशी थांबला.

ती पाहतच राहिली. महादेवाचा धातू. गोसाव्याकडं जो दुरून पाहिला होता, तो आपल्या पायानं चालत आला.

सून सुप्रियाला तिसऱ्यांदा दिवस गेल्याचं त्याच आठवड्यात कळलं होतं. आधी दोनदा पोट पडलं होतं. एकदा तिसऱ्या महिन्यात, एकदा पाचवा नुकता लागला तेव्हा. दुसऱ्या वेळी सुप्रिया महिनाभर कोणाशी बोलली नव्हती. मुलगा हर्षल पुण्याला कंपनीत. तो फोनवर नुसतं "हं, हं" करायचा. अशा दिवसांत पायाशी आलेला पारा. प्रयागबाईनं केसपेपरच्या दोन पुठ्ठ्यांनी थेंब न् थेंब गोळा केला, औषधाच्या रिकाम्या बाटलीत भरला आणि बाटली पिशवीत टाकली. सिस्टर आली तेव्हा म्हणाली, "मशीन पडलं माह्या हातून. काचा अन् पारा उचलून टाकला सगळा."

"हात धुतले ना साबनानं?" एवढं विचारून सिस्टर रजिस्टर लिहायला बसली. तिथं ते संपलं.

घरी मात्र ते तिथून सुरू झालं. माजघराला लागून एक लहानशी खोली होती, तिच्यात देव्हारा. चिनीमातीच्या बशीत नर्मदेचा गोटा, त्याच्या भोवती पारा, वर बेलाचं पान. श्रावणाच्या पहिल्या सोमवारी प्रयागबाईनं संकल्प सोडला: सुनेची कूस उजवेपर्यंत रोज अभिषेक करीन आणि समई विझू देणार नाही. वाऱ्यानं समई जाऊ नये म्हणून खोलीची एकुलती खिडकी लावून घेतली आणि फटीत चिंध्या कोंबल्या. गोट्यावर घातलेलं पाणी पाऱ्याच्या वर साचायचं. त्यातलं तीन पळ्या तीर्थ ती रोज सुप्रियाच्या हातावर घालायची. दुपारी सुप्रिया त्याच खोलीत चटई टाकून पडायची. घरात तेवढीच जागा थंड. "देवाजवळ झोप लागते आत्याबाई," असं ती म्हणायची, आणि प्रयागबाईला भरून यायचं.

आता मार्गशीर्ष लागला होता. सुप्रियाला सातवा चालू झाला होता. पाचवा सुखरूप पार पडला तेव्हा प्रयागबाईनं पाच सवाष्णी जेवू घातल्या होत्या.

त्या सोमवारी सकाळी सिस्टरनं उपकेंद्राच्या टेबलावर दोन वस्तू ठेवल्या: आकडे दाखवणारं नवं रक्तदाबाचं यंत्र आणि तालुक्याहून आलेलं पत्र.

"घ्या प्रयागबाई, आता पारा बंद," सिस्टर म्हणाली. "थर्मामीटर, मशीन, जे जे पाऱ्याचं असन ते या पेटीत भरून पाठवायचं हाय. उद्या सकाळी तालुक्याची गाडी येते."

"काहून? चांगली तं चालत होती."

"चांगली चालतच होती. पन करार हाय ना. शंभराच्या वर देशायनं केला. आपल्या बी देशाची सही हाय त्याच्यावर. मिनामाता करार."

"मिना..?"

"मिनामाता. जपानातलं गाव हाय ते, समुद्राकाठचं." सिस्टर कपाटातले थर्मामीटर एकेक काढून कापसात गुंडाळत होती. हातानं काम आणि तोंडानं बोलणं, ही तिची रीत. "तथी एक कारखाना होता. त्याचं पानी खाडीत जाये. त्या पान्यात पारा. पान्यातून मासोळीत गेला, मासोळीतून मानसात. सुरुवातीले म्हने गावातली मांजरं येड्यावानी गोल गोल नाचली अन् मेली. लोकं हासले. मंग मानसायचे हातपाय थरथरू लागले, जीभ जड पडली, दिसेनासं झालं."

प्रयागबाईच्या हातातलं फडकं थांबलं.

"अन् सगळ्यात वाईट काय, सांगू? पोटुश्या बाया. आया दिसाले चांगल्या धडधाकट. एखादीच्या नुसत्या हाताले मुंग्या येत. पन लेकरं झाले ते... मान धरत नव्हते, हातपाय वाकडे, डोये कुठंच लागत नव्हते. आईच्या आंगातला पारा पोटातल्या लेकरानं वढून घेतला. आई वाचली अन् लेकरू गेलं."

"पन तो कारखान्यातला पारा," प्रयागबाई म्हणाली. आवाज जेमतेम ऐकू जाईल इतका बारीक निघाला. "आपला तं दवाखान्याचा हाय, सिस्टर."

"त्याची जात येगळी, हे खरं. पन हा काही साधुसंत नाही." सिस्टर हसली. "याची वाफ होते. डोयाले दिसत नाही, नाकाले वास नाही. बंद खोलीत उघडा पडला, त्यात जराशी ऊब असली, का झालं. तोच श्वास घेत राहा मंग रातंदिस. अन् गरोदर बाई असली..." तेवढ्यात दारात एक बाई तापलेलं लेकरू घेऊन आली, आणि सिस्टर उठली.

वाक्य अर्धं राहिलं. प्रयागबाईनं ते मनात पुरं केलं. एकदा नाही, दहादा केलं. बंद खोली. फटीतल्या चिंध्या. समईची ऊब. हे सगळं जणू कोणी तिच्या घरात येऊन, पाहून, मग लिहून घेतलं होतं.

लेकराला औषध देऊन सिस्टर परत आली आणि छापील कागद पुढं ओढून बसली. "हं. मशीन तीन. दोन हायेत. एक आषाढात फुटलं, तुमच्या हातून. त्यातला पारा कुठं टाकला, ते लिहा लागते अथी. कुठं टाकला होता तुमी?"

आषाढातलं ते एक सोडलं तर जिभेवर खोटं कधी न आलेली ती बाई. तिच्या तोंडून शब्द आला, "उकिरड्यावर."

"कोणच्या?"

"गावाच्या. नाल्याकाठच्या."

सिस्टरचा पेन जागीच थांबला. "अवो माय. तथी तं देवलाभाऊचे ढोरं दिवसभर तोंड घालतात. पोट्टे खेळतात. खाली नाला." तिनं कपाळाला हात लावला. "चुकलं माहं. त्याच दिवशी मी पाह्यला पाहिजे होतं. बरं, उद्या गाडीवाल्यायले जागा दाखवजा. ते माती उकरून नेतीन. पाच वाजता मी पेटी सील करतो, तवा या अन् अथी सही करा."

"अन् सिस्टर... एखाद्याच्या घरीच असला तं?"

"घरी? कोनाच्या?"

"नाही. असंच इचारलं."

सिस्टरनं तिच्याकडं जरा निरखून पाहिलं. "घरी असला तं झाडूले हात लावायचा नाही. झाडलं का बारीक होऊन जास्त पसरते. दारं-खिडक्या उघडायच्या, मानसं बाहेर काढायचे, पुठ्ठ्यानं गोळा करून पानी असलेल्या बरनीत झाकन घट्ट लावायचं. अन् घरात पोटुशी असन तं त्याच दिवशी डॉक्टरकडं. तुमचं तोंड काहून उतरलं? उपास हाय वाटते?"

"सोमवार हाय," प्रयागबाई म्हणाली.

बारा वाजता ती घरी निघाली. रोजची वाट ती आज जवळजवळ धावतच गेली. मळ्यात शालिकराम मेथीच्या आणि सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या बांधत उकिडवा बसला होता. तिला पाहून म्हणाला, "आज लवकर? सरकारनं सुट्टी देल्ली का महादेवानं?" ती न थांबता घराकडं वळली. तिच्या मनात एकच होतं. सुप्रियाला कळू न देता बशी उचलायची. आज तीर्थ पाजून सहा तास झाले. चार महिन्यांच्या, रोजच्या तीन-तीन पळ्या. तिनं मोजायचं नाही असं ठरवलं.

खोलीत सुप्रिया झोपली होती. देव्हाऱ्याकडं डोकं, एक हात पोटावर. समई शांत जळत होती. चार महिने जी खोली प्रयागबाईला गाभाऱ्यासारखी वाटायची, तिच्यात पाऊल टाकताना तिनं आज नकळत श्वास रोखून धरला. मग तिला भान आलं. मी माझा रोखला. हिचा कोण रोखणार? आणि हिच्या आत जो आहे, त्याचा?

तिनं बशी दोन्ही हातांनी उचलली. हात थरथरत होते. सिस्टरनं सांगितलेली थरथर हीच का, असा विचार विजेसारखा अंगातून गेला आणि बशी कलली. पाऱ्याचा लोळ काठावरून सुटला. फरशीवर पडून त्याचे शंभर मणी झाले. काही सांध्यांत गेले, काही भिंतीशी. एक सरळ चटईखाली शिरला, सुप्रियाच्या उशाशी.

प्रयागबाईनं कोपऱ्यातली केरसुणी उचलली. पहिला हात मारणार, तोच ती थबकली. केरसुणी हातातून गळाली. त्या आवाजानं सुप्रिया जागी झाली.

"आत्याबाई? काय सांडलं?"

"उठ माय. आधी उठ. बाहीर चाल."

"काय झालं पन? मी बी तुमचीच वाट पाहून राह्यली होती." सुप्रिया हाताचा टेका देऊन उठून बसली. गळ्यातलं मंगळसूत्र तिनं पुढं धरलं. "हे पाहा ना. मले सकाळपासून धडकी भरली हाय."

मंगळसूत्राच्या दोन्ही सोन्याच्या वाट्या पांढऱ्या पडल्या होत्या. पिवळेपणाचा मागमूस नव्हता. कथील लावल्यासारख्या निस्तेज.

"मी रोज झोपायच्या आधी वाट्या देवाच्या त्या बशीले टेकवतो," सुप्रिया हळूच म्हणाली. "चमकते ना तथी, तथीच टेकवतो. यायचं पुन्यात चांगलं राहो म्हनून. आधी कडा पांढऱ्या झाल्या. मले वाटलं, मळ हाय. आज पाह्यलं तं पुऱ्या. सवाष्णीचं सोनं पांढरं पडते का आत्याबाई? यायले काही होनार तं नाही? सकाळी फोनवर बोलले, पन मले खरं नाही वाटत."

आईचं ते वाक्य प्रयागबाईच्या कानात उमटलं, आणि पंचेचाळीस वर्षांनी त्याचा अर्थ लागला. सोनं उतरवून ठेव, कारण हा धातू सोनं खातो. त्यात ना मिरवणं होतं, ना बैराग्याचा मान. एका बाईनं आपल्या लेकीला सांगितलेली साधी खबरदारी. लेकीनं तिचा धर्म केला, स्वतःपुरता पाळला, आणि सुनेला सांगायचं राहून गेलं.

जो सोन्याला सोडत नाही तो कोवळ्या हाडामांसाला सोडेल?

तिनं सुप्रियाला धरून बाहेर आणलं, अंगणातल्या निंबाखाली ओट्यावर बसवलं. तिच्या तोंडावर मोकळा वारा लागू दिला. मग स्वतः तिच्यापुढं खाली मातीत बसली. सासू सुनेच्या पायाशी बसते हे पाहून सुप्रिया गांगरली.

"हर्षलले काही नाही झालं," प्रयागबाई म्हणाली. "त्याचा काही संबंध नाही. ते पाऱ्यानं झालं. बशीत पारा होता. मी आनला, दवाखान्यातून. चोरून."

तिनं सगळं सांगितलं. फुटलेलं यंत्र, पायाशी आलेला थेंब, संकल्प, जपानातलं गाव, तिथल्या आया. लेकरांचं सांगताना ती थांबली. पण सोडून दिलं नाही. सुप्रिया ऐकत होती. दोन्ही हात तिनं पोटावर असे धरले होते की जणू कोणी तिथून काही उचलून न्यायला आलं आहे.

मग ती म्हणाली, "पंधरा दिवस झाले, तोंडात तांब्याचं भांडं चाटल्यावानी लागते. डोकं दुखते. मले वाटलं, दिवस हायेत म्हनून."

"असन बी तसंच. दिवसायनं बी होते."

"अन् नसन तं?"

प्रयागबाईनं सुनेच्या पोटाकडं पाहिलं.

"आज हालते का?" तिनं विचारलं.

"सकाळपासून कमी हाय." सुप्रियानं पोट चाचपलं. "तुमी इचारलं तवा ध्यानात आलं. आत्याबाई, सकाळपासून..."

 प्रयागबाईनं तळवा सुनेच्या पोटावर ठेवला. तिच्या ओठांवर सवयीनं जप आला, आणि तिला भीती वाटली, की आपल्या या जपानंच तर हे घडवलं. कावळा ओरडला. मळ्यात पाण्याच्या मोटारीचा आवाज चालू होता. तळव्याखाली काहीच नव्हतं. नुसतं घट्ट, गरम पोट. मग, खूप वेळ गेल्यासारखं वाटल्यावर, आतून एक हलकासा धक्का आला. लाथ नव्हती ती. कोणी झोपेत कूस बदलावी तसं काहीसं.

सुप्रिया रडली नाही. तिनं सासूचा हात तिथंच दाबून धरला.

शालिकराम पाणी प्यायला आला तो हे पाहून दारात थबकला. त्याला सांगावं लागलं. तो आधी हसला. "भैताड झाले का तुमी दोघी? कुठचं जपान अन् कुठचं आपलं गाव! शंभर देश जमले, टेबलाभोवती बसले, अन् शालिकराम माळ्याच्या देव्हाऱ्यावर सही करून गेले, आं?" मग त्यानं वाट्या पाहिल्या. हसू मावळलं. तो आत जाऊन दारातूनच फरशी पाहून आला आणि आवाज खाली आणून म्हणाला, "पाह्य, कोनाले काही सांगू नको. गोळा कर, मी नाल्यात सोडून येतो. वाहून जाईन. सुप्रियाले उद्या वाशिमले मोठ्या डॉक्टरले दाखवू, म्हनू का डोकं दुखते. उकिरडा उकरतीन, काही नाही सापडनार, गोष्ट खतम. तू सांगशील तं चोरीचा आळ येईन. पंचवीस वर्साची नोकरी हाय तुही. गावात तोंड काय दाखवशीन?"

हे सगळं प्रयागबाईनंही वाटेत योजलं होतं. अगदी असंच. पण दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना ते वेगळं लागलं. तिनं मळ्याकडं पाहिलं. नाल्यावर बसवलेली मोटार पाणी ओढत होती. ते पाणी सांबाराच्या वाफ्यात पसरत होतं. उद्या जुड्या केनवडच्या बाजारात जातील. पुढं नाला नदीला मिळतो, नदी धरणाला. धरणावर भोई जाळं टाकतात.

"वाहून कुठं जाईन?" ती म्हणाली.

"खाली."

"खाली बी बाया हायेत."

शालिकराम चिडला. "मंग साऱ्या दुनियेच्या बायायचा ठेका तूच घेतला का?"

"कारखान्यावाला बी हेच म्हनला असन," प्रयागबाई म्हणाली. आवाज नेहमीसारखाच, खालचा. "म्हनून तं इतक्या देशायले एकमेकायपाशी कबूल करा लागलं. एकट्यानं नाही सोडून भागत."

शालिकराम हातातली सांबाराची काडी मोडत उभा राहिला.

सुप्रियानं सासूचा पदर धरला. "आत्याबाई, मले एक सांगा. आता माह्याशी खोटं नका बोलू. डॉक्टरले डोकं दुखते म्हनून सांगितलं तं ते गोळी देईन डोक्याची. पाऱ्याचं कसं तपासनार? तुमी सिस्टरले जसं झालं तसं सांगान का? पहिल्या दिवसापासून? तीर्थाचं बी?"

"सांगीन."

"मामाजी नाही म्हनतीन तरी?"

"तरी सांगीन. आजच. पाचाच्या आत."

सुप्रियानं पदर सोडला.

प्रयागबाई खोलीत गेली. लोणच्याची मोठी काचेची बरणी रिकामी करून तिनं तिच्यात पाणी भरलं होतं. आधी खिडकी. फटीतल्या चिंध्या तिनं एकेक उपसल्या आणि कडी ओढली. झडप उघडली तसा वारा आत घुसला. समईची ज्योत आडवी झाली, एकदा सावरली आणि गेली. धुराची रेघ वर चढली. श्रावणापासून ही ज्योत तिनं जपली होती. रात्री तीन-तीनदा उठून तेल घातलं होतं. ती हात जोडून उभी राहिली. शिक्षा करायची असेल तर मला कर, असं म्हणायला तिनं तोंड उघडलं, आणि मिटलं. सौदा करायची वेळ नव्हती.

"तू तं इष घशातच धरलं देवा," ती म्हणाली. "खाली उतरू देल्लं नाही. मीच पाजत राह्यली, तुह्या नावानं."

ओल्या फडक्यानं नाक-तोंड बांधून तिनं पुठ्ठ्यांनी मणी लोटले. सांध्यांतले काही निघाले, काही नाही. जे निघाले नाहीत ते दिसत होते. बारीक, डोळे उघडे ठेवून बसल्यासारखे. त्यांना ती हात लावू शकत नव्हती. सुप्रियाची चटई गुंडाळून बाहेर दूर टाकली. शेवटी नर्मदेचा गोटा उरला. त्याच्या अंगाच्या खरबरीत खळग्यांत पाऱ्याचे कण रुतून बसले होते. धुवावा तर पाणी कुठं टाकायचं? सासूनं काशीहून आणलेला देव तो. प्रयागबाईनं त्याला कपाळ लावायला उचललं, अर्ध्यावर थांबली, आणि कपाळ न लावताच बरणीत सोडलं. गोटा तळाशी गेला. पाऱ्यावर हळूच टेकला. तिनं झाकण आवळलं, वर प्लास्टिक बांधलं, बरणी स्टीलच्या डब्यात उभी केली. बशीही पिशवीत घालून वर ठेवली. मग अंगणात साबणानं कोपरापर्यंत हात धुतले, लुगडं बदललं.

सकाळपासून पोटात काही नव्हतं. सुप्रियानं गुळाचा खडा पुढं केला. "पानी तरी प्या."

"येऊन पितो."

"सिस्टर काय म्हनतीन?"

"रागावतीन. मंग गाडी पाहतीन तुह्यासाठी. तू अथीच बस, आत जाजो नको. कापडं बांधून ठेव. आजच जाऊ दवाखान्यात."

"लेकरू चांगलं असन ना, आत्याबाई?"

प्रयागबाईच्या जिभेवर "महादेव सांभाळीन" आलं होतं. आयुष्यभर अशा वेळी तेच आलं होतं. तिनं सुनेच्या डोक्यावरून हात फिरवला. "मले ठाऊक नाही माय," ती म्हणाली.

ओट्याच्या कडेला शालिकराम बसून होता. ती जवळून गेली तेव्हा त्यानं वर न पाहता विचारलं, "मी येऊ संग?"

"तिच्यापाशी बसा. हालनं मंद झालं तं धावत या."

चार वाजून गेले होते. प्रयागबाईनं पदर डोक्यावरून घेतला, डबा छातीपासून दूर दोन्ही हातांत धरला आणि पाणी हिंदकळू नये म्हणून एकेक पाऊल जपून टाकत उपकेंद्राच्या वाटेला लागली.